ओवीची मोजणी व डोमगांवची प्रत

परंडें तालुक्यांतील एका तरुण संग्राहकानें गेल्या पावसाळ्यांत आपल्या घरच्या दासबोधाच्या पोथीची नक्कल आमच्याकडे अभिप्रायार्थ धाडली. हा गृहस्थ शाळेंत आमच्या हाताखालीं शिकलेला असून जुनीं बाडें जमविण्याचा नाद त्यास त्या वेळेपासूनच आहे. नक्कल केवळ उत्तरार्धाची, म्हणजे अकराव्या दशकापासून विसाव्यापर्यंतची आहे. अक्षर संगणकावरचें, कागद उत्तम, समास चारही बाजूंस भरपूर. सोबतच्या पत्रांत त्यानें लिहिलें होतें, “गुरुजी, पोथी लिहिणारा अडाणी होता. पुष्कळ ओव्या लंगड्या होत्या, त्या मीं नीट केल्या आहेत.” नीट कशा केल्या तेंही त्यानें सांगितलें आहे. प्रत्येक चरणाचीं अक्षरें यंत्राकडून मोजविलीं. पहिल्या तीन चरणांस आठ व चौथ्यास सात असें प्रमाण ठरविलें. आणि जो चरण त्या प्रमाणांत बसेना त्यांतील एखादें अक्षर काढलें किंवा नवें घातलें. काढलेलें काय व घातलेलें काय याची खूण मात्र कोठेंही ठेविली नाहीं.

श्रम मोठे आहेत, आणि शुद्धलेखनाची एकही चूक आम्हांस सांपडली नाहीं. तथापि ही नक्कल संशोधनाच्या कामास निरुपयोगी आहे, असें आम्हांस त्यास कळवावें लागलें. एका होतकरू माणसाच्या दोषाची चर्चा त्रैमासिकांत करणें योग्य नव्हे, म्हणून त्याचें नांव येथें देत नाहीं. पण हा दोष त्याचा एकट्याचा नाहीं. संग्राहकांच्या कपाटांतील ओवीबद्ध पोथ्यांपैकीं कित्येक अशाच कोणा तरी सुशिक्षित हातानें नीट झालेल्या असतात. संगणकाच्या जागीं त्या काळीं हाताचीं बोटें होतीं इतकाच फरक. यासाठीं प्रश्न जरा मुळापासून पाहूं.

ओवीस नियम नाहींत असें कोणी म्हणेल तर तें खरें नाहीं. नियम आहेत, ते कोठें आहेत एवढेंच पाहावयाचें आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत (शके १०५१, सन ११२९) महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात असा उल्लेख आहे. या राजाची राजधानी कल्याणी आमच्या उमरग्याच्या सीमेपलीकडे फारशी दूर नाहीं; तेव्हां ओवीचा हा जुना दाखला आमच्या जिल्ह्याच्या उंबऱ्यावरचाच म्हणावयास हरकत नाहीं. पुढच्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकरांत ओवीचें लक्षण दिलें. अनुप्रासानें जोडलेले तीन खंड, देशी भाषा, आणि शेवटीं ओवी हें पद, एवढेंच तें लक्षण आहे. ज्यांच्या बोटांवर गण आणि मात्रा खेळत अशा या संस्कृत ग्रंथकारांस अक्षरांचा आंकडा देणें अवघड नव्हतें. तो त्यांनीं दिला नाहीं, कारण ऐकतांना त्यांस तसा आंकडा आढळला नसावा.

ज्यांनीं लहानपणीं पहांटे जात्यावरच्या ओव्या ऐकिल्या त्यांस याचें कारण सांगावयास नको. आमच्या घरीं दोन बायका समोरासमोर बसून दळीत. जात्याचा एक फेरा हें माप. त्या फेऱ्यांत पांच अक्षरें आलीं तर तीं लांबवावयाचीं, दहा आलीं तर दाटीनें बसवावयाचीं, आणि तरीही जागा उरली तर ‘ग बाई’ घालून ती भरावयाची. घास टाकण्यास हात गेला कीं ओळ तेवढी थांबे आणि खुंट्यावर हात परत आला कीं पुढें चाले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनीं जात्यावरच्या लाखावर ओव्या जमविल्या. त्या संग्रहांतील ध्वनिमुद्रित ओव्या आणि त्यांचा लिहिलेला पाठ समोरासमोर ठेविला तर कागदावर जो चरण आंखूड दिसतो तो गळ्यांत पुरा भरलेला आढळतो. माप कडक आहे, पण तें अक्षरांचें माप नव्हे. कागदावरचीं अक्षरें मोजून त्या ओव्यांस लंगड्या ठरविणें म्हणजे जातें न पाहतां पीठ मोजण्यासारखें आहे.

ग्रंथिक ओवी जात्यावरून उतरून पोथींत आली तरी ही संवय तिनें सोडली नाहीं. ज्ञानदेवांची ओवी आटोपशीर, एकनाथांची ऐसपैस, रामदासांची मधल्या अंगाची. तिघांच्याही ओवींत पहिल्या तीन चरणांचें यमक जुळतें व चौथा मोकळा राहतो. या दोन गोष्टी ते सहसा मोडीत नाहींत. अक्षरसंख्या मात्र श्वासाप्रमाणें कमीअधिक होते. माधवराव पटवर्धन यांनीं आपल्या छंदोरचनेंत (दुसरी वाढविलेली आवृत्ति, १९३७) पद्याचे वृत्त, जाति आणि छंद असे तीन भाग केले व लघुगुरुंचा निर्बंध नसलेल्या रचना तिसऱ्या भागांत घातल्या. मराठी पद्याची एवढी बारीक मोजदाद त्यांच्यापूर्वीं कोणीं केली नव्हती. परंतु पटवर्धनांचें पुस्तक हातीं आलें म्हणजे आमच्यासारख्या शाळामास्तरांस दुसराच मोह होतो. लक्षण हें वर्णन आहे हें विसरून आपण तें आज्ञा म्हणून वापरूं लागतों. आमच्या विद्यार्थ्यानें आठ आणि सात हे आंकडे कोठून घेतले तें त्यानें लिहिलेलें नाहीं; ते आमच्याच वर्गांतल्या फळ्यावरून गेले असावेत अशी आम्हांस दाट शंका आहे.

रामदासांस मोजून लिहितां येत नव्हतें असेंही नाहीं. मनाचे श्लोक हे दोनशें पांच श्लोक भुजंगप्रयातांत आहेत. चरणांत बारा अक्षरें, चार यगण, हलावयास जागा नाहीं. तेथें ते ऱ्हस्वाचें दीर्घ व दीर्घाचें ऱ्हस्व करितात पण गण सोडीत नाहींत. माषाचा मष झाला तरी चालेल, छंद मोडूं नये, असा जो जुन्या पंडितांचा विनोद आहे तो त्यांनीं तेथें अक्षरशः पाळला. दारोदार म्हणत जावयाची रचना असल्यामुळें चालीचा ठेका पक्का हवा, हें त्यांच्या ध्यानांत होतें. दासबोध बसून ऐकावयाचा, थांबून विचारावयाचा. त्यास त्यांनीं ओवी घेतली. दोन कामांस दोन बंध निवडणारा कवि ओवी लिहितांना अनवधानानें अक्षरें चुकला, ही कल्पना आम्हांस पटत नाहीं.

आतां प्रतीची गोष्ट. दासबोधाच्या पाठाचा विचार करितांना परंडें तालुक्यास सोडून चालत नाहीं. सीनेच्या कांठीं डोमगांव येथें कल्याणस्वामींचा मठ आहे. शिवथरच्या घळींत समर्थांनीं सांगावें व कल्याणांनीं लिहावें अशी ग्रंथाच्या जन्माची परंपरागत हकीकत आहे. कल्याणस्वामी शके १६३६ मध्यें, म्हणजे सन १७१४ त, वारले. त्यांच्या हातची म्हणून मानलेली दासबोधाची प्रत डोमगांवीं राहिली. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं तीवरून शके १८२७ (सन १९०५) त दासबोध छापून काढला. राजवाड्यांच्या सहवासांत तयार झालेल्या या वकिलानें एक गोष्ट फार चांगली केली, ती ही कीं प्रत जशी दिसली तशी राखण्याकडे कल ठेविला. त्या परंपरेच्या छापील दासबोधांत आजही ‘येक’, ‘शाहाणा’, ‘पाहातां’ अशीं रूपें दिसतात. तीं आमच्या शाळाखात्याच्या नियमांत बसत नाहींत; बसवूं म्हटलें असतें तर एका उन्हाळ्याच्या सुटींत बसविलीं असतीं, आणि सतराव्या शतकांतली बोली कानीं पडण्याची एक वाट बंद झाली असती. ‘येक’ या शब्दांत आमच्या परंड्याकडील म्हाताऱ्या माणसांचा उच्चार आहे. तो आम्ही अजून बाजारांत ऐकतों.

विनोद असा कीं आमच्या विद्यार्थ्याचें घर डोमगांवापासून सायकलीच्या वाटेवर आहे.

अधिक मौज पुढें आहे. त्यानें ज्या उत्तरार्धाची नक्कल केली त्यांतच हा प्रश्न खुद्द ग्रंथकारानें सोडविलेला आहे. चौदाव्या दशकाचा तिसरा समास कवित्वकलेवर, आणि एकोणिसाव्याचा पहिला लेखनक्रियेवर. हे दोन समास शेजारीं ठेवून कोणीं वाचल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं, म्हणून त्यांवर थोडें थांबूं.

कवित्वाचे रामदासांनीं तीन प्रकार केले: धीट, पाठ आणि प्रासादिक. मनास येईल तें बळेंच बोलणारा तो धीट. पुष्कळ ग्रंथ तोंडपाठ करून त्यांचे सारखें दुसरें उभें करणारा तो पाठ. आमच्या आजच्या विषयाच्या भाषेंत बोलावयाचें तर पहिल्यास नियमच नाहीं आणि दुसऱ्यास नियमावांचून कांहीं नाहीं. समर्थ दोघांनाही बाजूस सारतात. तिसरा जो प्रासादिक, त्याचें वर्णन करितांना ते छंदाची व्याख्या सांगत नाहींत. गुणांची लांबच लांब यादी देतात. तींत सुगमता व सरळपणा येतो तसेंच अक्षरांचे व पदांचे बंधही येतात. पण शेवटीं कसोटी लावितात ती ऐकणाऱ्याच्या ठायीं. ज्यानें संशय तुटतो, वृत्ति पालटते, तें कवित्व. बंध टाकून दिलेला नाहीं आणि सिंहासनावरही बसविलेला नाहीं. तो यादींतल्या अनेकांपैकीं एक आहे.

लेखनक्रियेच्या समासांत मात्र हाच पुरुष एकदम पंतोजी होतो. अक्षर वाटोळें, मोकळें, काळें कुळकुळीत असावें. ओळी मोत्यांच्या सरांसारख्या जाव्या. पहिलें अक्षर जसें काढलें तसेंच ग्रंथ संपेपर्यंत यावें, जणूं एकाच टाकानें लिहिलें. तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, म्हातारपणीं तें वाचवत नाहीं; मध्यम लिहावें. (हा उपदेश आम्हांस तिशींत कोणीं केला असता तर बरें झालें असतें.) पानाच्या भोंवतालीं जागा सोडावी, कारण कडा झडल्या तरी अक्षर झडतां कामा नये. येथें सवलत नाहीं, प्रसादाची भाषा नाहीं, सगळा नेम आहे.

कवीस मोकळीक आणि लेखकास नेम, अशी ही वांटणी आहे. आणि ती एकाच ग्रंथांत, एकाच मनुष्यानें, पांच दशकांच्या अंतरानें केलेली आहे. आमच्या विद्यार्थ्यानें नेमकी उलट केली. लेखक असतां त्यानें कवीची मोकळीक घेतली आणि कवीवर लेखकाचा नेम लादला. हे दोन्ही समास स्वतःच्या हातानें उतरवून, त्यांतल्याही ओव्या आठासाताच्या मापांत बसवून, तो पुढें गेला!

‘समास’ या शब्दाची एक गंमत येथें सांगून टाकतों. व्याकरणांत समास म्हणजे पदांचें एकत्र येणें. दासबोधांत समास म्हणजे प्रकरण. आणि पोथी लिहिणाऱ्याच्या बोलींत समास म्हणजे पानाच्या कडेस सोडलेली कोरी जागा. तिन्ही अर्थ एकाच शब्दांत कसे आले याविषयीं आमचीं कांहीं अनुमानें आहेत, पण त्यांस हें स्थळ नव्हे. जुने लेखक त्या कोऱ्या जागेचा उपयोग कसा करीत तें मात्र येथें प्रस्तुत आहे. अक्षर गळलें तर ओळींत हंसपद करून तें समासांत लिहीत. चुकीचें पडलें तर वर हरताळ फासून त्यावर बरोबर अक्षर काढीत. हरताळाखालचें अक्षर उजेडांत पान तिरपें धरलें म्हणजे पुष्कळदां दिसतें. अडाणी म्हणून ज्या लेखकाची थट्टा आपण करितों त्यानें आपली चूकसुद्धां जपून ठेविली. संगणकावर अक्षर पुसलें कीं त्याच्या मागें हरताळही उरत नाहीं.

कोणी विचारील, रामदासांच्या सर्वच ओव्या मग आम्हांस निर्दोष वाटतात काय? तसें नाहीं. वीस दशक, प्रत्येकीं दहा समास, मिळून दोनशें समास आणि पावणेआठ हजारांच्या आसपास ओव्या, हा एवढा मोठा बंध त्यांनीं स्वतःवर घालून घेतला. दहाच समास पाहिजेत म्हणून एखाद्या दशकांत विषय ताणला गेला आहे, अशी शंका आम्हांस वारंवार येते. यमकासाठीं आलेलीं ‘जाण’, ‘पाहे’, ‘सर्वथा’ असलीं भरताड पदें कोणासही दाखवितां येतील. पदार्थांच्या, विद्यांच्या, रोगांच्या ज्या याद्या ते देतात त्यांत कधीं कधीं ओवी केवळ पोतें होऊन राहते. हे दोष आहेतच. परंतु ते सैलपणाचे दोष असून एखाददुसऱ्या अक्षराचे नव्हेत. आणि अक्षर काढून ते जातही नाहींत. उलट जेथें त्यांचें मन तापलेलें असतें तेथें चरण मापाबाहेर जातो आणि तेथेंच तो सर्वांत खरा वाटतो. आमच्या विद्यार्थ्यानें छाटलेले चरण आम्हीं छापील ग्रंथाशीं ताडून पाहिले. सपाट चरण त्याच्या हातून बहुधा सुटले आहेत, कारण ते मापांत होते. छाटले गेले ते बहुतेक तापलेले.

नियमाविरुद्ध आम्ही वकिली करीत आहों असा समज होऊं नये. आमचा जन्म अमरकोश घोकण्यांत गेला. दंडीच्या दशकुमारचरितांत सातव्या उच्छ्वासांत मंत्रगुप्ताचा ओठ प्रियेच्या दांतांनीं दुखावलेला आहे, म्हणून तो आपली कथा एकही ओष्ठ्य वर्ण न उच्चारतां सांगतो. मोरोपंतांनीं (१७२९ ते १७९४) तोच निर्बंध घेऊन निरोष्ठ रामायण रचिलें. प, फ, ब, भ, म यांवांचून रामकथा सांगावयाची म्हणजे रामाचें नांवच घेतां येत नाहीं! असल्या रचनेंत विनोद आहे, अभ्यास आहे, आणि भाषेचा कानाकोपरा झाडून पाहण्याचें सामर्थ्य आहे. पण केकावलि वाचतांना पृथ्वी वृत्ताचें भान जसें विसरतें तसें निरोष्ठ रामायण वाचतांना ओठांचें भान विसरत नाहीं. नियम कवीनें आपण होऊन घेतला म्हणजे तो त्याच्या कामाचा भाग असतो, मग फळ गोड येवो वा तुरट. तोच नियम दोनशें वर्षांनीं दुसऱ्यानें त्याच्या गळ्यांत बांधला म्हणजे त्यास काव्यशास्त्र म्हणतां येत नाहीं.

या ठिकाणीं आमच्यावर एकनाथांचें उदाहरण फेकलें जातें, आणि तें टाळून पुढें जाणें बरें नव्हे. नाथांनीं शके १५०६ (सन १५८४) त ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पाठ बिघडले होते, ते त्यांनीं बसविले. मग त्यांनीं केलें तें पुण्य आणि या मुलानें केलें तें पाप, असें कसें? याचें सोपें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. नाथांनीं कोणता शब्द ठेविला आणि कोणता पालटला याचा हिशेब त्यांनींही मागें ठेविला नाहीं, आणि राजवाड्यांनीं १९०९ त आपल्याला मिळालेल्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली त्याचें एक कारण नाथपूर्व पाठाची हीच भूक होतें. तरी दोन गोष्टी नाथांच्या बाजूस मांडतां येतात. त्यांनीं आपल्या कामाचा शक आणि संवत्सर ग्रंथाअखेर नोंदविला, म्हणजे हात कोणाचा व केव्हां लागला हें लपविलें नाहीं. आणि पुढें जो कोणी यांत आपली ओवी घालील त्यानें अमृताच्या ताटांत नरोटी ठेविली असें समजावें, अशी कडक ताकीद दिली. ती ताकीद त्यांनीं ओव्यांच्या भरतीविरुद्ध दिली आहे. अक्षरें कमीअधिक असल्याची तक्रार तींत नाहीं.

संस्कृताकडे पाहिलें तरी साक्ष हीच मिळते. भांडारकर संस्थेच्या महाभारताचें आदिपर्व १९३३ त पुरें झालें. त्याच्या प्रस्तावनेंत विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं एका विलक्षण गोष्टीकडे लक्ष वेधलें आहे. अक्षर जास्त असलेले अनुष्टुभाचे चरण जुन्या पाठांत आढळतात, आणि निरनिराळ्या प्रतींचे लेखक ते निरनिराळ्या रीतींनीं सरळ करूं पाहतात. काश्मीरचा लेखक एक अक्षर काढतो, दक्षिणेचा दुसरेंच. दुरुस्त्या परस्परांशीं जुळत नाहींत, त्यावरूनच मूळ चरण वांकडा होता हें कळतें. म्हणजे छंदांत नीट बसलेला पाठ हाच पुष्कळदां मागाहूनचा. ओवीच्या पोथ्यांस हाच न्याय लावावयास हवा, आणि तो लावावयाचा तर न सुधारलेल्या प्रती शिल्लक असल्या पाहिजेत.

शिल्लक न राहिल्यास काय होतें तें आम्ही स्वानुभवानें सांगूं शकतों. सन १९८७ च्या उन्हाळ्यांत आम्ही उमरगे तालुक्यांत, सास्तूरच्या बाजूस, एका शेतकरी घराण्याकडे आठ दिवस राहिलों होतों. (तो भाग आज लोहारें तालुक्यांत आहे आणि उस्मानाबाद जिल्ह्याचें नांव आतां धाराशिव झालें आहे.) त्या घरीं तुळजाभवानीवर एक ओवीबद्ध प्रकरण होतें, लाल रुमालांत बांधलेलें, कडा किडीनें खाल्लेल्या, पण अक्षर शाबूत. ओसरीवर बसून आम्हीं तें उतरवून घेतलें. वय तिशीच्या आंतलें, पटवर्धनांची छंदोरचना नुकतीच वाचलेली. ‘तयाचिया’ दिसलें कीं ‘त्याच्या’, ‘आइकिलें’ दिसलें कीं ‘ऐकिलें’, असें करीत गेलों, आणि मापाबाहेरचीं पदें लेखकाची घुसड समजून गाळलीं. घरचे वृद्ध गृहस्थ मधून मधून येऊन ऐकत. ते एकदां म्हणाले, “मास्तर, आमच्याकडं ही ओवी अशी म्हणत न्हाईत.” आम्हीं हंसून त्यांस छंद समजावून सांगितला!

३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणपति बोळवून माणसें निजलीं होतीं तेव्हां, भूकंप झाला. दगडामातीच्या जाड भिंतींचे वाडे होते तसे खालीं बसले. त्या घरांतून दोन माणसें निघालीं. म्हातारे त्यांत नव्हते. पोथीचा प्रश्न विचारण्याची ती वेळ नव्हती आणि पुढें विचारला तेव्हां ढिगारा उपसून झाला होता. आतां त्या प्रकरणाची जगांत एकच प्रत आहे आणि ती आमच्या हातची आहे.

तिच्या शेवटच्या ओवींत रचनेचा शक सोळाशें चाळीस असा आहे. संवत्सराचें नांव नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं जुन्या टिपणवहीच्या मलपृष्ठाच्या आंत आम्हांस आमच्याच अक्षरांत ‘विकारी’ एवढा एक शब्द सांपडला. शके १६४० चा संवत्सर विलंबी. विकारी हा १६४१ चा. तेव्हां पोथींत ‘एकेचाळीस’ होतें आणि तीं दोन अक्षरें आम्हीं मापासाठीं काढलीं, व संवत्सर चरणांत मावेना म्हणून गाळला, असें अनुमान निघतें. पण विकारी हा शब्द दुसऱ्याच कांहीं संदर्भानें टिपलेला असणें अशक्य नाहीं. एका वर्षानें काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. बिघडलें तें हें कीं त्या प्रतींतला कोणताही शब्द पोथीचा आहे कीं आमचा आहे, हें आम्हांस स्वतःलाही सांगतां येत नाहीं; आणि तीवरून आम्हीं जें जें लिहावें त्यास आम्हीच पहिले आक्षेपक. दासबोधाच्या सहाव्या दशकांत चौथ्या समासांत कलियुगाचीं चार हजार सातशें साठ वर्षें लोटल्याचें सांगितलें आहे. त्यावरून शके १५८१, सन १६५९, हा त्या ओवीच्या रचनेचा काळ बसतो. तेथें कोणा हुशार लेखकाच्या मापांत ‘साठी’ बसली नसती तर काय झालें असतें, हा विचार आमच्या मनांत पुष्कळदां येतो.

तेरच्या गोरोबाकाकांनीं संतमंडळीच्या डोक्यांवर थापटणें मारून कच्चें मडकें कोणतें तें पाहिलें, ही कथा आमच्याकडे लहान मुलांसही ठाऊक आहे. नामदेव कच्चे ठरले. कथेप्रमाणें गोरोबांनीं त्यांस तेथल्या तेथें लिंपून पक्कें केलें नाहीं. नामदेव पुढें विसोबांकडे गेले. संग्राहकानें थापटणें जरूर मारावें. यंत्राकडून अक्षरें मोजविण्यासही आमची हरकत नाहीं. उलट कोणते चरण मापाबाहेर आहेत याची यादी मिळाली तर ती फार मोलाची होईल, कारण वर सांगितल्याप्रमाणें जुना पाठ तेथेंच सांपडण्याचा संभव आहे. एवढेंच कीं मोजणीचे आंकडे समासांत लिहावे. शंका समासांत, तर्क समासांत, छापील दासबोधाचा पाठ वेगळा असेल तर तोही समासांत. ओळींत जें आहे तें पोथीचें, मग तें ‘श्रेष्ट’ असो कीं ‘सामर्थ’ असो.

या अर्थाचें पत्र आम्हीं विद्यार्थ्यास पाठविलें व नक्कल परत केली. त्याचें उत्तर आठ दिवसांत आलें. थोडें रुष्ट होतें, तें साहजिक आहे. पण शेवटीं त्यानें लिहिलें आहे कीं मूळ पोथी सुरक्षित आहे, तिचीं पानें त्यानें कोठेंही दिलेलीं नाहींत, आणि दिवाळीनंतर ती घेऊन तो आमच्याकडे चार दिवस राहावयास येणार आहे. आम्हीं त्यास कळविलें आहे कीं यंत्र आणलेंस तरी चालेल, पोथी मात्र कोरड्या रुमालांत दोन फळ्यांमध्यें बांधून आण, आणि येतांना डोमगांवावरून ये.